किसामा म्हणजे आपण

सदा,

तुला जाऊन आज सतरा दिवस झाले. कंपनीतल्या लोकांना तुझ्या फोटोखाली छापायला चार ओळी हव्या होत्या. "तुमी त्यांचे सगळ्यात जुने मित्र," असं म्हणत ते माझ्याकडं आले. मी दिल्या. मनमिळाऊ, कष्टाळू, हसतमुख. यातला फक्त मधला शब्द तुला लागू होता, हे तुला माहीत आहे आणि मला माहीत आहे. उरलेलं इथं लिहितो. हे कुणी छापणार नाही आणि तू वाचणार नाहीस, त्यामुळं दोघांचीही सोय झाली.

मला अजून रडू आलेलं नाही. येईल असं वाटतही नाही. नीरेच्या काठावर तुझ्या पोरानं पिंड ठेवला तेव्हा कावळा लगेच शिवला. लोक म्हणाले, काही इच्छा राहिली नाही माणसाची. मला हसू येईल अशी भीती वाटली म्हणून मी तोंडाला रुमाल लावला. पाहणाऱ्यांना वाटलं, पोपटराव गलबलले.

सुरुवातीपासून सांगतो. तुझ्यासारखी गोष्ट मध्येच सोडून द्यायची मला सवय नाही.

बारामतीच्या एमआयडीसीत आपण एकाच कंपनीत, शेजारशेजारच्या मशीनवर होतो. मी अंथुर्ण्याहून कंपनीच्या बसमध्ये बसायचो, तू जंक्शनच्या फाट्यावर चढायचास. वालचंदनगरच्या क्वार्टरमध्ये वाढलेला तू. साहेबांशी इस्त्रीचं मराठी बोलायचास आणि माझ्याशी आपलं नेहमीचं. जपानहून नवं मशीन आलं आणि त्याच्याबरोबर ते बसवून द्यायला एक म्हातारा इंजिनिअर आला. त्याचं नाव मोरी. आठ महिने अख्खा मशीनशॉप 'मोरीसाहेब' म्हणताना ओठ दाबून धरायचा. तुला त्यांच्या हाताखाली दिलं होतं. ते परत गेले तेव्हा गेस्ट हाऊसमध्ये एक खोका मागं राहिला आणि तो तू उचलून घरी आणलास. त्यात नऊ सिनेमे होते, सगळे सामुराईंचे, आणि एकातही खाली इंग्रजी अक्षरं नव्हती. म्हणजे ऐकायचं ते सगळं जपानी आणि कळायचं ते सगळं आपल्या अकलेनं.

गुरुवारी सुट्टी. जेवून मी सायकलवर तुझ्या क्वार्टरला यायचो. पहिला सिनेमा आपण नुसता तलवारींसाठी पाहिला. दुसराही. तिसऱ्यात तो एकडोळा सरदार पायऱ्या उतरून आला, तलवारीच्या मुठीवर हात ठेवला आणि शांतपणे म्हणाला, "शिंदे मोराऊ."

तू ताडकन उठून बसलास. "माझं आडनाव घेतलं त्यानं!"

मी म्हणालो, "हिरोचं नाव असंल."

"हिरोचं नाव तर जिम्बेई हाय."

मागं घेऊन परत पाहिलं. शिंदे मोराऊ. पुढच्या गुरुवारी दुसऱ्या सिनेमात दुसऱ्याच माणसानं, दुसऱ्याच माणसाला, तेच. आणि दोन्ही वेळा ज्याला म्हटलं तो मेला. तू दोनशे पानी वही आणलीस, तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात पहिला शब्द लिहिलास: शिंदे. समोर अर्थ: मरणे. आणि मग अख्खी दुपार तू हसत होतास. दुसऱ्या दिवशी शॉपमध्ये मी मोठ्यानं "शिंदे मोराऊ" म्हणालो आणि तू हातातला पाना छातीत खुपसून घेतल्यासारखं करून मशीनवर कोसळलास. फोरमन धावत आला. ते दिवस चांगले होते. हे लिहिताना मला राग येतो, पण ते चांगले होते.

आपली रीत साधी होती. शब्दाच्या आधी कोण काय करतो आणि नंतर कोण काय करतो ते बघायचं. वाक्याच्या शेवटी 'का' आलं की समोरचा उत्तर देतो, म्हणजे आपलाच 'का'. मान झुकवून 'हाय' म्हणतात. तू म्हणालास, "आपल्यासारखंच की. हाय का? हाय." तुझी आई थालीपीठ घेऊन यायची, दारात उभी राहून पडद्याकडं बघायची आणि म्हणायची, "ह्या टकल्यांचं अजून मिटलं न्हाय व्हय?"

एकदा आपण 'माइत्ता'वरून पंधरा दिवस भांडलो. लाकडी तलवार गळ्यापाशी येऊन थांबते आणि कुणीतरी म्हणतं, माइत्ता. मी म्हणालो, जिंकणारा म्हणतोय, 'मारलं' म्हणून. तू म्हणालास, हरणारा म्हणतोय. कॅमेरा पाठीमागं, तोंडं दिसत नाहीत. तू तेवढाच तुकडा वीस वेळा लावलास आणि मग म्हणालास, "दम लागलेल्याचा आवाज हाय. जिंकलेल्याला दम लागलेला न्हाय." तू बरोबर होतास. हरलो, असाच अर्थ निघाला पुढं. तू शब्द बाजूला ठेवून माणूस ऐकायचास. ही तुझी अक्कल मोठी होती. तिचं पुढं काय केलंस ते वेगळं.

'कताजिकेनाई'चा घोळ माझा. भुकेल्या सामुराईपुढं एक शेतकरी भाताचा वाडगा ठेवतो, तो म्हणतो, कताजिकेनाई. शेवटी 'नाई' आहे, म्हणजे आपलं 'न्हाय', म्हणजे नको, असं मी ठरवलं. पण नको म्हणून त्यानं वाडगा घेतलाच. तू विचारलंस, "मग घेतला कसा?" मी म्हणालो, "आपल्याकडं पण नको नको म्हणतच घेत्यात की." तू ते वहीत लिहिलंस: कताजिकेनाई, आग्रहाला नको म्हणणे. खरा अर्थ 'उपकार झाले'. तो मला फार उशिरा कळला, तोही तुझ्याकडूनच.

आणि मग 'किसामा'. समोरासमोर उभी दोन माणसं, तलवारी उपसलेल्या, एक दातओठ खात म्हणतो, किसामा! तू म्हणालास, शिवी असणार. मीच तुला खोडलं. मी म्हणालो, धन्याला ते 'तोनोसामा' म्हणतात, धनिणीला 'ओकुसामा'. 'सामा' लागला की मान. शत्रूलासुद्धा मान देऊन मारतात, म्हणून तर सामुराई. मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. तू वहीत लिहिलंस: किसामा म्हणजे आपण, आदरार्थी. तुझा अंदाज खरा होता आणि मी हट्टानं तो पुसायला लावला, हेही लिहून ठेवतो. चुकीची सुरुवात माझी.

त्यानंतरच्या दिवाळीपासून तू गुरुवारी घरी सापडेनास. सोमेश्वरनगरला सासरे आजारी आहेत, म्हणालास. दर गुरुवारी पहाटेच्या गाडीनं जायचास. मी शोभावहिनींना एकदा विचारलं, "मामांची तब्येत कशी हाय?" त्या म्हणाल्या, "बरी हाय की," आणि गोंधळून तुझ्याकडं बघितलं. मी समजलो, बाईमाणसाला वडिलांचं दुखणं बोलवत नसेल. सदा, मी एवढा बावळट होतो.

सहा महिन्यांनी नोटीस लागली. शॉपमधला एक माणूस वर्षभरासाठी जपानला जाणार, परत आला की सुपरवायझर. जपानी भाषेची ओळख असल्यास प्राधान्य. नोटिशीभोवती गर्दी होती आणि सगळी गर्दी आपल्या दोघांकडं बघत होती. मी तुझ्या पाठीवर थाप मारली. "आपल्या दोघांतलाच एक जातोय." तू म्हणालास, "व्हय." नोटीस लागायच्या आधीच तुला ऑफिसातून ती कळली होती, दिवाळीच्याही आधी, हे मला कुठं ठाऊक.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी गेटबाहेरच्या टपरीवर मी वही घेऊन बसलो आणि तू माझी उजळणी घेतलीस. मी एकेक शब्द म्हणायचो, तू मान हलवायचास. शेवटी मी विचारलं, "सायबाला काय म्हणून हाक मारू?"

तू चहाचा कप खाली ठेवलास. मला तो क्षण आजही दिसतो, कारण तू कप नीट बशीत ठेवला नाहीस, बाकावर ठेवलास. "किसामा म्हण," म्हणालास. "मान दिल्यासारखं वाटंल."

तिथं तुला थांबता आलं असतं. मला माहीत नाही म्हणाला असतास तरी चाललं असतं.

आत पाच जण होते. दोन आपले, तीन जपानी, मधला पांढऱ्या केसांचा. मी सिनेमातल्यासारखा कमरेत वाकलो आणि म्हणालो, "सेश्शा, पोपट गायकवाड दे गोझारू." तिघांचे चेहरे उजळले. एका तरुणानं तोंडावर हात धरला. उद्या एखाद्या जपान्यानं बारामतीच्या एसटी स्टँडवर उतरून 'हा पामर आपल्या चरणी पातला आहे' म्हणावं, तसं ते होतं, हे मला नंतर समजलं. त्या वेळी वाटलं, जिंकलो. मग मी त्या पांढऱ्या केसांच्या साहेबांकडं वळलो, छाती भरून घेतली, आणि मान द्यायचा म्हणून जरा जोरातच म्हणालो, "किसामा!"

तरुणाचा हात तोंडावरून खाली आला. मधल्या साहेबांनी डोळे मिटले आणि उघडले. आपल्या ऑफिसरनं विचारलं काय झालं, तरुणानं इंग्रजीत सांगितलं, आणि ऑफिसर मला म्हणाला, "गायकवाड, तू त्यांना हलकट म्हणालास." म्हातारा हसला असता तर बरं झालं असतं. तो हसला नाही. त्यानं माझ्या अर्जाचा कागद सरळ केला, दुसऱ्या कागदाखाली ठेवला आणि मला जायची खूण केली.

बाहेर बाकावर बसलो. मला वाटत होतं, आता सदाला सावध करायला हवं, तोही तेच म्हणेल. खरंच, हाच विचार होता डोक्यात. पण तुला आत बोलावलं, दार अर्धं उघडं राहिलं आणि मला तुझा आवाज ऐकू आला. तू सावकाश, नरम आवाजात, लांबलचक जपानी बोलत होतास. मी कान देऊन ऐकलं. त्यात आपल्या वहीतला एकही शब्द नव्हता. सेश्शा नाही, गोझारू नाही, काही नाही. आत कुणीतरी समाधानानं हुंकार भरला. तेव्हा मला सोमेश्वरनगर कळलं. पहाटेची गाडी पुण्याला, जपानीच्या क्लासला जायची, हे कळलं. चहाचा कप कळला.

नाव आधीच पोपट, त्यात असा पोपट झालेला. लोकांना फार डोकं चालवावं लागलं नाही. माझं नाव किसामा पडलं ते नोकरी संपेपर्यंत. नवीन लागलेल्या पोरांना तर तेच माझं आडनाव वाटायचं. किसामाकाका, दहाचा स्पॅनर द्या.

जपानला जायच्या आदल्या दिवशी तू गेटवर मला गाठलंस. नवीन बूट घातले होतेस. म्हणालास, "मी खोटं न्हाय बोललो, पोपट. जुन्या काळात किसामा मानाचाच शब्द हुता. पुढं घसरला. क्लासच्या बाईंनी सांगितलंय, विचार कुणालाही."

मी विचारलं. वर्षानुवर्षं मिळेल तिथं विचारलं. आणि ते खरं निघालं, सदा. एके काळी तो शब्द पत्रात, थोरामोठ्यांना लिहायचे. तू खोटं बोलला नव्हतास. याचा मला जेवढा राग आला तेवढा कशाचाच आला नाही.

सोळा वर्षं आपण बोललो नाही. तू काचेच्या केबिनमध्ये, मी त्याच मशीनवर. काम असलं की तू चिठ्ठी पाठवायचास, मी चिठ्ठीवर टिक करून परत पाठवायचो. तुझी आई गेली तेव्हा मी आलो, तिच्या हातचं इतकं खाल्लं होतं म्हणून. लांब लिंबाखाली उभा राहिलो. तू मला पाहिलंस आणि दोन पावलं आलास. मी मोटारसायकल चालू केली. ते दुष्टपणाचं होतं आणि मला ते करताना बरं वाटलं.

मग वहिनींचा फोन आला. "भावजी, ह्यांची नजर गेली. साखरेनं गेली. दिसभर भिंतीकडं तोंड करून बसत्यात. तुमचं नाव घेतलं काल."

मी बारामतीला आलो. खरं सांगायचं तर तुला पडलेला बघायला आलो. तू पलंगावर बसला होतास, पायजम्याची नाडी लोंबत होती, दाढी वहिनींनी केली असावी, कारण एका गालावर राहिली होती. मला आनंद झाला. तो किती वेळ टिकला? तू म्हणालास, "पायांचा आवाज अजून तसाच हाय तुझा. डावा घासतोस." आणि संपला.

आता टीव्हीवर हवे तेवढे सामुराई मिळतात. तुझ्या पोरानं लावून दिला. तू मला म्हणालास, "खालची अक्षरं बंद कर. शब्द मी सांगतो, तू चित्र सांग." मग दर रविवारी दुपारी दोन वर्षं आपण तेच केलं. मी म्हणायचो, अंगणात बर्फ पडतंय, म्हातारा पायरीवर बसलाय, त्याच्या म्यानावर बर्फ साठलंय आणि तो झटकत नाही. तू म्हणायचास, "मुलगा म्हणतोय, बाबा, आत चला. म्हातारा म्हणतोय, आत जाऊन तरी काय." आपल्या दोघांत मिळून एक माणूस सिनेमा बघत होता, आणि त्याला सगळं दिसत होतं, सगळं कळत होतं. वहिनी दारात बसून शेंगा सोलायच्या आणि ऐकायच्या. त्या म्हणायच्या, "तुमी सांगताय ते जास्त चांगलं वाटतंय, बघण्यापरास."

एका रविवारी बर्फाचंच चाललं होतं तेव्हा तू जपानातल्या वर्षाबद्दल बोललास. त्याआधी कधी बोलला नव्हतास. म्हणालास, "एकदा दुकानात मुद्दाम सेश्शा म्हणलो. म्हातारी इतकी हसली, डोळं पुसत हुती. खोलीवर आलो आणि कुणाला सांगावं कळंना." सिनेमा पुढं चालला होता. मी चित्र सांगायचं विसरलो होतो आणि तू आठवण केली नाहीस.

तेव्हा मला वाटलं, आता विचारावं. वहिनी बाहेर गेल्या होत्या. "सदा, टपरीवर तुला अर्थ माहीत हुता?"

"हुता."

"मग?"

"जागा एक हुती." मग म्हणालास, "आणि तुझा कान माझ्यापरास चांगला. तू क्लासला आला असतास तर मी कुठं गेलो असतो?"

"माफी माग."

तू माझ्या आवाजाकडं तोंड केलंस. डोळे माझ्या खांद्याच्या जरा वर लागले होते. "न्हाय मागणार. खोटी मागायची व्हय? परत ती टपरी आली तर परत तेच सांगीन. घर झालं, पोरगं शिकलं, ते काय किसामाशिवाय झालं?"

मी उठलो नाही. पुढचा रविवारही चुकवला नाही. याला लोक मैत्री म्हणतात. मला विचारशील तर मी वाट बघत होतो. तू मोडशील, कधीतरी मोडशील, आणि मी समोर असेन.

पावसाळा संपता संपता किडन्या गेल्या. आठवड्यातून तीनदा दवाखाना. पाण्यावर बंदी आली, दिवसाला ठरलेलं तेवढंच. वहिनी औषधाच्या टोपणानं मोजून द्यायच्या. तू त्यांना काय काय बोललास ते मी ऐकलंय. ज्या बाईनं तुझा संसार सांभाळला आणि माझ्यापुढं तुझं सासऱ्याच्या आजारपणाचं खोटंही उघडं पाडलं नाही, तिला तू पाण्यासाठी वैरीण म्हणालास. ती दरवाजाआड जाऊन रडायची आणि परत येऊन टोपण धुवायची.

शेवटच्या रविवारी ऊन फार होतं. तुझं दिवसाचं पाणी दुपारीच संपलं होतं. ओठांना भेगा पडल्या होत्या. सिनेमा लावला होता, पण तू शब्द सांगत नव्हतास, म्हणून मीही चित्र सांगत नव्हतो. वहिनी दारातच बसल्या होत्या, धान्य निवडत. तू माझं मनगट चाचपून धरलंस आणि हळूच म्हणालास, "मिझू."

पाणी. नऊच्या नऊ सिनेमांत घायाळ माणूस हेच मागतो. तो शब्द आपल्याला वहीत लिहायचीही गरज पडली नव्हती, इतका तो सोपा. वहिनींना कळू नये म्हणून तू तो निवडलास. माझ्या पाठीमागं खिडकीत माठ होता. माझा हात पोचत होता.

मी म्हणालो, "काय म्हणलास?"

"मिझू."

"कळलं न्हाय, सदा."

तू माझं मनगट सोडलं नाहीस. मग तुझी बोटं सैल झाली, एकेक करून. मला कळलं, हे तुला समजलेलं आहे. तू माणूस ऐकणारा. माझ्या 'कळलं न्हाय'मध्ये दम लागलेला नव्हता. तू आणखी एकदा म्हणालास, या वेळी मोठ्यानं, दाराकडं तोंड करून, "मिझू," आणि वहिनींनी वर बघितलं, आणि मी सूप ओलांडून घरी आलो. त्या सांगतात, संध्याकाळपर्यंत तू तेच म्हणत होतास. संध्याकाळी तुला दवाखान्यात नेलं आणि सकाळी तू गेलास.

घोटभर पाण्यानं काही फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले. पाणी द्यायची मनाईच होती, मी दिलं नाही, यात खोटं काही नाही. बघ, मलाही जमलं.

दहाव्याला नीरेच्या काठावर वहिनींनी मला बाजूला घेतलं. चेहरा सुकून गेला होता, पण डोळ्यांत रडण्यापेक्षा वेगळंच काहीतरी होतं. "भावजी, एक विचारते. खरं सांगा. मिझू कोण?"

मी चपला घालायला वाकलो.

"माझा भाऊ म्हणतो, जपानातली बाई असंल. वरीसभर हुते. शेवटाला मला एक हाक मारली न्हाय त्यांनी. तिलाच बोलवत गेले."

मी म्हणालो, "माहीत न्हाय, वहिनी."

सांगायला एक शब्द पुरला असता. मी घरी आलो आणि जेवलो. मला वाटलं, राहू दे. तुझ्या घरात, तुझ्या फोटोला हार घालणाऱ्या बाईच्या मनात, जपानातली एक बाई राहू दे कायमची. तुला यायचं असेल तर ये खुलासा करायला. पाच दिवस मी हे मजेत बाळगलं. मग तुझ्या पोराचा फोन आला, बाबांनी जपानहून आणलेला चहाचा संच आईनं अंगणात फोडला, फोटो उतरवून कपाटावर पालथा ठेवलाय, जेवत नाही, काका तुम्ही एकदा येऊन बोला.

परवा दुपारी आलो. वहिनी ओट्यावर बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सांगितलं. "वहिनी, मिझू कुणी बाई न्हाय. मिझू म्हंजी पाणी."

त्यांना आधी कळलं नाही. मग कळलं. त्यांनी पदर तोंडावर घेतला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मला वाटलं, झालं, माझं काम झालं. पण त्यांनी पदर काढला तेव्हा त्या माझ्याकडं बघत होत्या.

"तुमी हुता की तितं. हात धरला हुता त्यांनी तुमचा."

"व्हय."

"तुमाला कळत हुतं?"

मला मनाई आठवली, डॉक्टर आठवले. सगळं खरं होतं. मी म्हणालो, "व्हय."

त्या उठल्या. गुडघ्यावर हात टेकून, सावकाश. मला वाटलं, आता घरातून जा म्हणतील. आत गेल्या आणि तांब्या भरून आणला. माझ्यापुढं धरला.

"प्या," म्हणाल्या. "उन्हातनं आलाय."

मी घेतला. पाणी माठातलं होतं, गार. दोन घोट घेऊन मी तांब्या खाली ठेवायला गेलो तर त्या हलल्या नाहीत, म्हणून परत तोंडाला लावला. त्या समोर उभ्या होत्या आणि माझा घसा वरखाली होताना बघत होत्या. मी सगळं पाणी प्यालो, सदा. तळ दिसेपर्यंत.